कागद फुटला, पुढे काय?

(पुणे येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



'शासकीय गुप्तता आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य' हा विषय आजच्या अभ्यासवर्गासाठी माझ्याकडे सोपवण्यात आला आहे. ह्या विषयावर बोलताना आपण कार्यकर्ते सहसा एका मळलेल्या वाटेने जातो. सरकार माहिती दडवते, वृत्तपत्रांचा गळा आवळते, म्हणून ह्या दडपशाहीचा निषेध केला पाहिजे, असे आपण म्हणतो. टाळ्या पडतात आणि सभा संपते. ह्यात खोटे काही नाही. परंतु आज मला त्यापुढचा, जरा अडचणीचा प्रश्न विचारावयाचा आहे. सरकारने दडवलेला कागद जेव्हा बाहेर येतो, वृत्तपत्र तो धैर्याने छापते आणि सकाळच्या चहाबरोबर तो लाखो लोकांच्या हाती पडतो, तेव्हा काय होते? पुष्कळदा काहीच होत नाही. वाचणारा म्हणतो, 'ह्यात नवीन ते काय? हे तर आम्हांला ठाऊकच होते.' आणि पान उलटतो. सरकारी तिजोरीच्या कुलपापेक्षा हे उलटलेले पान मला अधिक चिंतेचे वाटते.

पुण्यात हा विषय निघाला म्हणजे आरंभ १८८२ पासून करावा लागतो. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे तेव्हा जेमतेम दीड वर्षाची होती. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी ह्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे ह्यांचा हात आहे, असा आरोप ह्या पत्रांनी केला. आधार होता तो हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्वे ह्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. टिळक आणि आगरकर ह्यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबर १८८२ रोजी बाहेर पडले.

ह्या प्रकरणाच्या तीन बाजू आपण ध्यानी घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, कागद खोटे निघाले तरी मूळ शंका निराधार नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, हे तरुण महाराज अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. दुसरी बाजू अशी की, सत्य बाजूला असूनही खोट्या कागदावर विसंबले तर सत्याचेच नुकसान होते. आणि तिसरी बाजू आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. टिळक-आगरकरांना जामीन हवा होता, तेव्हा जोतीराव फुले पुढे झाले. त्यांच्या शब्दाखातर रामशेठ उरवणे ह्यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. टिळकांशी जोतीरावांचे मतभेद काही थोडेथोडके नव्हते. तरीही छापणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्यांनी मानले, आणि सुटकेनंतर सत्यशोधक समाजाने त्या दोघांचा सत्कारही केला. कागद छापणारे, त्यासाठी शिक्षा भोगणारे आणि त्यांना आधार देणारे अशी साखळी त्या काळच्या पुण्यात उभी राहिली होती. आज माझा सगळा मुद्दा ह्या साखळीविषयीचा आहे.

आता कायद्याकडे वळू. १८८९ साली 'अमृत बझार पत्रिके'ने काश्मीरच्या महाराजांसंबंधीचा परराष्ट्र खात्याचा एक गोपनीय कागद छापला. त्याच वर्षी ऑक्टोबरात हिंदुस्थानात शासकीय गुपितांचा पहिला कायदा झाला. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. लॉर्ड कर्झन ह्यांना तोही पुरेसा वाटला नाही. लष्करी व आरमारी गुपितांच्या पंक्तीला मुलकी कारभाराचे कागदही आणून बसवणारे दुरुस्ती विधेयक त्यांनी आणले. डिसेंबर १९०३ मध्ये त्या विधेयकाला केंद्रीय कायदेमंडळात कडाडून विरोध करणारे सभासद आपल्याच शहरातले होते, गोपाळ कृष्ण गोखले. त्यांना आपण मवाळ म्हणतो; पण मुलकी कारभार गुप्ततेच्या पडद्याआड गेला की वृत्तपत्रांना टीका करण्यास जागाच उरणार नाही, हे त्यांनी स्पष्ट ओळखले होते. विधेयक काही सौम्य बदलांनिशी १९०४ मध्ये संमत झाले. पुढे १९२३ चा कायदा आला. राज्य गेले, राणी गेली, तो कायदा मात्र राहिला. गुपित म्हणजे नेमके काय, ह्याची व्याख्या त्यात नाही. देणारा जसा गुन्हेगार, तसा घेणाराही गुन्हेगार. २००६ साली दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तो रद्द करण्याची शिफारस केली. ती शिफारस कागदावरच राहिली.

स्वतंत्र भारतात ह्या गुप्ततेशी झुंज देणाऱ्यांत समाजवादी आघाडीवर होते, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. पुण्यातच जन्मलेले व घडलेले मधु लिमये १९७४ मध्ये लोकसभेत आयात परवान्यांचे प्रकरण लावून धरत होते. पाँडिचेरीच्या काही व्यापाऱ्यांना परवाने मिळावेत म्हणून २१ खासदारांच्या सह्यांचे निवेदन गेले होते आणि त्यांतल्या बहुतेक सह्या खोट्या होत्या. चौकशीचा अहवाल सभागृहापुढे ठेवा, ही विरोधकांची मागणी. तो गोपनीय आहे, हे सरकारचे उत्तर. दीर्घ संघर्षानंतर विरोधी नेत्यांना कागद पाहावयास मिळाले, पण गुप्ततेच्या अटीवर! म्हणजे जनतेच्या प्रतिनिधीने पाहावे, परंतु जनतेला सांगू नये. सहा-सात महिन्यांतच आणीबाणी आली आणि वृत्तपत्रांच्या मजकुरावर सेन्सॉरची कात्री फिरू लागली. गुप्तता आणि सेन्सॉर ह्या एकाच वाड्याच्या पुढच्या व मागच्या दारांना लावलेल्या कड्या आहेत.

ह्यानंतरची दोन प्रकरणे मी एकमेकांशेजारी ठेवू इच्छितो. दोन्ही महाराष्ट्रातली. दोन्हींत आतला कागद बाहेर आला. शेवट मात्र अगदी निराळा झाला.

पहिले प्रकरण १९८१ चे. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी ह्यांचा लेख प्रसिद्ध झाला. मुख्यमंत्री अ. र. अंतुले ह्यांच्या पुढाकाराने निघालेले 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' आणि सिमेंटचा कोटा मिळवणारे बांधकाम व्यावसायिक ह्यांचा संबंध त्यात कागदपत्रांनिशी मांडला होता. लेख गाजला, विधिमंडळात वादळ उठले. परंतु लेखाने मुख्यमंत्री गेले नाहीत, हे विसरू नका. मृणाल गोरे ह्यांचे गोरेगावातील सहकारी प. बा. सामंत न्यायालयात गेले. कोटा किती, कुणाला, कोणत्या सुमारास आणि त्याच सुमारास देणगी किती, अशी कागदांची जुळणी उच्च न्यायालयासमोर झाली. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेन्टिन ह्यांनी देणगी आणि सिमेंट ह्यांची अदलाबदल झाल्याचा निष्कर्ष दिला आणि मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले.

लोक तेव्हा का पेटले? ते आजच्यापेक्षा अधिक नीतिमान होते म्हणून नव्हे. सिमेंट तेव्हा नियंत्रित माल होता. घराची गळती बुजवण्यासाठी चार गोणी हव्या असल्या तरी परवान्याकरिता पुरवठा कचेरीत खेटे घालावे लागत. ज्याच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात पातेली मांडावी लागत होती, त्याला तो लेख समजावून सांगावा लागला नाही. आपल्याला न मिळालेली गोणी कुठे गेली, हे त्याने त्या आकड्यांत वाचले. कागद त्याच्या छपरापर्यंत पोहोचला होता.

दुसरे प्रकरण २०१२ चे. जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे ह्यांनी राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. प्रकल्पांचे खर्च कसे फुगवले जातात, कामांचा दर्जा कसा निकृष्ट आहे, उपसा सिंचन योजनांवरचा पैसा कसा वाया जात आहे, हे खात्यातल्याच जाणकाराने लिहिलेले ते पत्र होते. ते वृत्तपत्रांत आले. त्याच वर्षी राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून असा हिशेब पुढे आला की, दहा वर्षांत सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्चूनही ओलिताखालील क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढले. सरकारने श्वेतपत्रिका काढून हा हिशेब नाकारला. वाद असू शकतो. सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते पुन्हा त्याच पदावर आले. माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, २०१४ साली तिचा अहवालही आला. आणि पांढरे ह्यांचे काय झाले? त्याच वर्षी ते नाशिकमधून लोकसभेच्या निवडणुकीस उभे राहिले. लोकांनी त्यांना मोठ्या फरकाने पराभूत केले.

ह्यातली वेदना लक्षात घ्या. २०१२-१३ चा तो काळ मराठवाड्यातल्या भीषण दुष्काळाचा होता. चारा छावण्यांत जनावरे बांधलेली होती, गावोगाव बायाबापड्या टँकरची वाट पाहत रांगेत उभ्या होत्या. पांढऱ्यांचे पत्र त्या रांगेविषयीच होते. त्या बाईच्या हंड्यात पाणी का नाही, ह्याचे निदान उत्तराचा एक भाग त्या पत्रात होता. पण तिला हे कुणी सांगितले? पत्राची भाषा कोटींची, हेक्टरांची, निविदांची. वृत्तपत्राने ती तशीच छापली. आणि आपण, जे स्वतःला तिचे कार्यकर्ते म्हणवतो, त्यांनी सिंचन घोटाळ्याच्या निषेधाचे ठराव केले, पण ते पत्र सोप्या मराठीत घेऊन टँकरच्या रांगेत किती जण गेलो? १९८१ साली लेख आणि न्यायालय ह्यांच्यामध्ये सामंतांसारखा कार्यकर्ता उभा होता. २०१२ साली पत्र आणि रांग ह्यांच्यामध्ये आपली जागा रिकामी होती.

म्हणून, साथींनो, 'लोक उदासीन झाले' असे आपण म्हणतो तेव्हा मला ते अर्धसत्य वाटते. उदासीनता आकाशातून पडत नाही. ती तयार होते. एक तर कागद माणसाच्या भाकरीपर्यंत पोहोचत नाही. दुसरे असे की, शिक्षा होताना दिसत नाही. सिमेंटच्याच प्रकरणात फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, वर्षानुवर्षे रेंगाळला, आणि पुढे अंतुले केंद्रात मंत्रीही झाले. दहा वेळा असे पाहिल्यावर अकराव्या वेळी संताप येत नाही, हसू येते. तिसरे कारण सर्वांत घातक. 'सगळेच चोर' हा जो सिद्धान्त आपल्या कट्ट्याकट्ट्यांवर मांडला जातो, तो ऐकायला बंडखोर वाटतो. प्रत्यक्षात चोराला ह्याहून सोयीचा सिद्धान्त नाही. सगळेच चोर असतील तर ह्या चोराला पकडण्याचे कारणच उरत नाही!

ही केवळ आपलीच गोष्ट आहे, असेही नव्हे. व्हिएतनाम युद्धाविषयी अमेरिकन सरकारे आपल्या जनतेशी कशी खोटे बोलत आली, ह्याचे हजारो पानी दफ्तर डॅनियल एल्सबर्ग ह्यांनी १९७१ साली बाहेर काढले. वृत्तपत्रे सर्वोच्च न्यायालयात जिंकली. आणि पुढच्याच वर्षी निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत विजयी झाले. आपल्याकडे २०१९ मध्ये 'हिंदू' दैनिकाने राफेल विमानखरेदीचे सरकारी कागद छापले, तेव्हा ते चोरीचे आहेत, शासकीय गुपितांच्या कायद्याचा भंग झाला आहे, असे सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले. न्यायालयाने १० एप्रिलला तो आक्षेप फेटाळला आणि हे कागद विचारात घेता येतील, असे ठरवले. पुढे नोव्हेंबरात मूळ फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु वृत्तपत्राला छापता येते, हे तत्त्व टिकले. छापण्याचा हक्क न्यायालय देऊ शकते. वाचून काही करण्याची इच्छा मात्र न्यायालयाच्या हुकुमाने निर्माण होत नाही.

वृत्तपत्रांविषयीही एक शब्द. सरकारी जाहिरातींवर पोसलेल्या आणि मोठ्या भांडवलदारांच्या मालकीच्या वृत्तपत्राकडून आपण १८८२ च्या 'केसरी'ची अपेक्षा करतो, हा आपला भाबडेपणा आहे. अशा पत्रांतही प्रामाणिक वार्ताहर असतात, ते जोखीम पत्करून कागद मिळवतात. पण त्यांची बातमी एक दिवस पहिल्या पानावर येते, दुसऱ्या दिवशी पाचव्या, आणि चौथ्या दिवशी तिचा पत्ता नसतो. त्या बातमीला चौथ्या दिवसानंतर जिवंत ठेवणे हे आपल्यासारख्या छोट्या साप्ताहिकांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे.

आणि हे काम बिनधोक्याचे नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी येथून तासाभराच्या अंतरावर राहत होते. माहितीच्या अधिकाराखाली कागद मिळवून त्यांनी जमिनींचे गैरव्यवहार उघडकीस आणले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असता त्यांचा खून झाला. तपास वर्षानुवर्षे चालला आणि तो बंद करण्याचे अहवालही न्यायालयात सादर झाले. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला. तो अमलात आणण्याची अधिसूचना मात्र वर्षामागून वर्षे निघालीच नाही. उलट, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये बदल केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो अमलातही आला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहितीच नाकारता येत असे. आता 'वैयक्तिक' एवढा एक शब्द उच्चारून दार लावण्याची सोय झाली आहे. कलम ८(२) खाली सार्वजनिक हिताचा दावा अजून करता येतो. पण तो करण्यास माणूस हवा आणि चिकाटी हवी. कर्झनच्या विधेयकाविरुद्ध गोखले बोलले तेव्हा कायदेमंडळात त्यांच्यामागे मूठभरच होते. आज आपल्यामागे किती आहेत, हे मला ठाऊक नाही. परंतु हा बदल होत असताना पुण्याच्या रस्त्यांवर गर्दी उसळली नाही, एवढे ठाऊक आहे.

तेव्हा करावयाचे काय? मी मोठमोठे कार्यक्रम सुचवणार नाही. पुणे महानगरपालिकेत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच ह्या वेळेत नागरिकांनी येऊन नस्त्या पाहाव्यात, असा पायंडा पडला. पुढे २०१८ साली राज्य सरकारने तो अन्यत्रही लागू केला. येथे बसलेल्यांपैकी त्या सोमवारच्या दोन तासांत किती जण गेले आहेत? हात वर करा, असे मी म्हणणार नाही, कारण मला माझाही हात खालीच ठेवावा लागेल. फुटलेल्या कागदाबद्दल आपण तावातावाने बोलतो आणि उघडा ठेवलेला कागद पाहावयास जात नाही! लोकांच्या उदासीनतेवर बोलण्यापूर्वी आपण आपल्या ह्या उदासीनतेचा हिशेब दिला पाहिजे.

प्रत्येक प्रभागात चार जणांचे मंडळ असावे. त्यातल्या एकाने सोमवारी जावे, नस्ती वाचावी, टिपणे काढावीत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबी आपणहून प्रसिद्ध करावयाच्या असतात. त्या केल्या आहेत की नाहीत, हे दुसऱ्याने तपासावे. तिसऱ्याने कोल्हापूर प्रकरण डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक कागदाची शहानिशा करावी: सही कुणाची, तारीख कोणती, मूळ प्रत कुठे. आलेला कागद आपल्याला सोयीचा असेल तर तो दुप्पट कडकपणे तपासावा. आणि चौथ्याने, हे सर्वांत अवघड, त्या कागदाचे मराठी करावे. 'अंदाजपत्रकीय दरापेक्षा अधिक दराची निविदा' म्हणजे तुमच्या गल्लीतली मोरी पावसाळ्यात का तुंबते, हे त्याने त्या गल्लीत उभे राहून सांगावे. वृत्तपत्राने एक दिवस छापलेली बातमी ह्या मंडळाने वर्षभर चालवावी: प्रश्न विचारावेत, अपील करावे, गरज पडल्यास न्यायालयात जावे. आणि कागद देणारा कर्मचारी किंवा छापणारा वार्ताहर अडचणीत आला, तर त्याची विचारसरणी न विचारता त्याच्या दारात उभे राहावे, जसे जोतीराव उभे राहिले होते.

साथींनो, आतला माणूस आपली नोकरी, कधी आपला जीव पणाला लावून कागद बाहेर काढतो, तो कुणावर भरवसा ठेवून? न्यायालयावर असेल, संपादकावर असेल; पण मुळात तो तुमच्या-माझ्यावर भरवसा ठेवतो. त्याला वाटते, हे एकदा लोकांना कळले की पुढचे लोक पाहून घेतील. हा भरवसा आपण फार वेळा मोडला आहे. तो असाच मोडत राहिलो तर सरकारला कुलपे लावण्याची गरज उरणार नाही. कागद रस्त्यावर पडलेले असतील आणि लोक त्यांवरून चालत जातील. ते होऊ द्यावयाचे नसेल तर येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता भेटू. मी तेथे असेन. जय समाजवाद.